महाडच्या दोन परिषदा आणि सत्तेची तीन रूपे

सामाजिक चळवळ का उभी राहते, या प्रश्नाला सामान्यतः असे उत्तर दिले जाते की, अन्याय असह्य झाला म्हणजे माणसे पेटून उठतात. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. अन्याय शतकानुशतके चालत आलेला असतो आणि त्या मानाने चळवळी मोजक्याच असतात. ज्या गावात दुःख सर्वाधिक, त्याच गावी लढा सर्वांत प्रथम उभा राहतो, असेही इतिहासात दिसत नाही. तेव्हा समाजशास्त्राच्या अभ्यासकासमोर खरा प्रश्न उभा राहतो तो असा की, विषमता सर्वत्र असताना एखाद्या ठिकाणी आणि एखाद्या वर्षीच माणसे एकत्र का येतात. आणि अन्यत्र, तितकाच किंवा त्याहून अधिक अन्याय असताना, ती गप्प का राहतात?

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका उदाहरणाच्या आधाराने करीत आहोत. ते उदाहरण म्हणजे १९२७ साली महाड येथे भरलेल्या दोन परिषदा: पहिली मार्चमधील आणि दुसरी डिसेंबरमधील. महाडचा इतिहास आमच्या वाचकांना परिचित आहे. मात्र तो बहुधा स्मरणाच्या व गौरवाच्या अंगाने सांगितला जातो. सत्ता आणि विषमता यांच्याविषयीच्या आधुनिक समाजशास्त्रीय विचारांच्या प्रकाशात तो पुन्हा वाचला, तर त्यातील काही दुवे अधिक स्पष्ट होतात, असे आम्हांस वाटते.

प्रथम सत्तेविषयी. सत्ता म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून एखादी गोष्ट करवून घेण्याची शक्ती, अशी एक जुनी समजूत आहे. दोन पक्षांत उघड संघर्ष होतो आणि ज्याचे म्हणणे चालते तो सत्ताधारी, असा तिचा अर्थ. १९६२ साली बॅकराक व बॅराट्झ या अमेरिकन अभ्यासकांनी या समजुतीला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, सत्तेचे दुसरेही एक रूप आहे, आणि ते निर्णय घेण्यात नसून निर्णय होऊ न देण्यात आहे. काही प्रश्न सभेच्या कामकाजात येऊच द्यायचे नाहीत, आले तर तुंबवून ठेवायचे, आणि ठराव झालाच तर अंमलबजावणी करावयाची नाही. १९७४ साली स्टीव्हन ल्यूक्स या इंग्रज विचारवंताने यापुढे जाऊन तिसरे रूप दाखविले. माणसाला आपली स्थिती नैसर्गिक, अटळ किंवा ईश्वरनिर्मित वाटावी, तिच्याविषयी तक्रारच त्याच्या मनात उद्भवू नये, हा सत्तेचा सर्वांत खोल परिणाम होय, असे त्याने प्रतिपादिले. पुढे जॉन गॅव्हेंटा या अभ्यासकाने अमेरिकेतील अॅपलाचियन डोंगराळ भागातील कोळसा खाणींच्या एका खोऱ्याचा अभ्यास करून १९८० साली दाखवून दिले की, तेथील गरीब लोकांचे मौन हे समाधानाचे लक्षण नव्हते. सत्तेची ही तिन्ही रूपे एकमेकांना बळ देत असल्यामुळे ते मौन निर्माण झाले होते.

ज्या देशात जन्मावरून माणसाचे स्थान ठरत आले, त्या देशातील वाचकाला हे तिसरे रूप नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु दुसऱ्या रूपाकडे आपले लक्ष पुरेसे जात नाही, आणि महाडच्या प्रकरणात ते फार महत्त्वाचे आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. सरकारने ती मान्य केली व त्याप्रमाणे आदेश काढले. महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे कायदेमंडळाचा ठराव झाला, सरकारचा आदेश झाला, नगरपालिकेचाही ठराव झाला. आणि तीन वर्षे तळ्यावर कोणीही अस्पृश्य गेला नाही.

या तीन वर्षांत महाडमध्ये काही घडले नाही, म्हणून इतिहासकार या काळाकडे फारसे पाहत नाहीत. आमच्या मते मात्र समाजशास्त्रीय दृष्ट्या हाच काळ सर्वाधिक बोलका आहे. नगरपालिकेने हक्क नाकारला नव्हता, उलट दिला होता. त्यामुळे ज्याच्याविरुद्ध तक्रार करावी असा निर्णयच अस्तित्वात नव्हता. १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणून, जी नगरपालिका वा स्थानिक मंडळे अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे, अशी मागणी केली. यावरूनच ही निष्क्रियता केवळ महाडपुरती नव्हती हे उघड होते. कागदावर हक्क आणि व्यवहारात मज्जाव, अशी ही व्यवस्था होती. कोणालाही ‘नाही’ म्हणावे लागत नसल्यामुळे ती स्थिर होती.

मग १९२७ साली ती मोडली कशी? येथे चळवळींच्या अभ्यासातील दुसऱ्या एका विचारप्रवाहाकडे वळले पाहिजे. मॅकार्थी व झाल्ड यांनी १९७७ साली मांडलेल्या साधनसंघटन सिद्धान्ताचे सार असे की, असंतोष जवळजवळ नेहमीच असतो. चळवळ उभी राहते ती माणसे, पैसा, जागा, वेळ, संपर्काचे मार्ग आणि अनुभवी कार्यकर्ते या साधनांची जुळवाजुळव झाल्यावर. डग मॅकअॅडम याने १९८२ साली त्यात भर घातली की, साधनांच्या जोडीला राजकीय संधीही लागते, म्हणजे सत्तेच्या भिंतीत कोठेतरी फट पडावी लागते. आणि परिस्थिती बदलता येईल असा विश्वास लोकांच्या मनात निर्माण व्हावा लागतो. हे सिद्धान्त अमेरिकेतील निग्रो समाजाच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या अभ्यासातून मुख्यतः पुष्ट झाले. (आज तो समाज स्वतःला कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन-अमेरिकन म्हणवितो.) मॉन्टगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चाललेला बसवरील बहिष्कार चर्च-संस्थांच्या आधाराशिवाय टिकला नसता, हे आल्डन मॉरिस याने १९८४ साली सविस्तर दाखविले आहे.

महाड परिसरात अशी साधने कोणती होती? सर्वप्रथम सैन्य. मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांची भरती दीर्घकाळ होत असे, आणि कोकणातील, विशेषतः दापोली भागातील, अनेक कुटुंबांत निवृत्त सैनिक होते. पलटणीत लिहिणे-वाचणे आले, पगार व निवृत्तिवेतन आले, शिस्त आली आणि गावाबाहेरच्या जगाचा अनुभव आला. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच दापोलीत अस्पृश्यता-विरोधी कार्य सुरू केले, हा योगायोग नव्हे. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात ही भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली गेली, तीही १९२१ साली मोडण्यात आली. जे एकदा मिळाले होते ते हिरावून घेतले जाणे, ही गोष्ट कधीच काही न मिळण्याहून अधिक असंतोष निर्माण करते, असे सापेक्ष वंचिततेचा सिद्धान्त सांगतो. मार्चच्या परिषदेतील आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोकणातील या पूर्वस्थितीची व नंतरच्या ऱ्हासाची सांगड सैनिकी पेशाशी घातली होती, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरे साधन म्हणजे मुंबई. कोकणातील माणूस गिरण्या, गोदी आणि रेल्वेत कामाला जात असे. गावाच्या बलुत्यावर सर्वस्वी अवलंबून नसलेली मिळकत त्याच्या हाती येई, आणि चाळींतून गावोगावच्या माणसांची मंडळे उभी राहत. गावी दबून वागणारा माणूस मुंबईच्या सभेत निर्भयपणे बसे, आणि तो अनुभव घेऊन सुटीत गावी परते. तिसरे साधन म्हणजे नेतृत्व व कार्यकर्ते. महाडच्या परिषदेची तयारी रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने व त्याच्या सहकाऱ्यांनी परिसरातील गावे पिंजून केली. आणि चौथे, वरच्या जातींतील साथीदार. नगरपालिकेत वजन असलेले सुरेंद्रनाथ टिपणीस, तसेच अनंतराव चित्रे ही कायस्थ प्रभू समाजातील मंडळी आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण गृहस्थ चळवळीत होते. ज्यांना लढ्यातून स्वतःसाठी काही मिळवायचे नसते अशा पाठीराख्यांची साधनसंघटन सिद्धान्तात स्वतंत्र नोंद घेतलेली आहे. परंतु त्या सिद्धान्तात अशा पाठीराख्यांमुळे निर्माण होणाऱ्या पेचाचा विचार कमी आहे. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी, या लढ्यात ब्राह्मणांना घेऊ नये, या अटीवर पाठिंबा देऊ केला होता. बाबासाहेबांनी ती अट मान्य केली नाही. केवळ संख्याबळाचा हिशोब केला असता तर उत्तर वेगळे आले असते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला जमलेल्या हजारो लोकांना पिण्यासाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. हा एक लहानसा तपशील. पण विषमतेच्या अर्थशास्त्रावर यापेक्षा चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही. विकत दिल्याने पाणी बाटत नव्हते. तळ्यावर येऊन ओंजळीने घेतल्याने बाटत होते. म्हणजे प्रश्न पाण्याच्या टंचाईचा नव्हता, की शुद्धतेचाही नव्हता. पाणी कोणाच्या हातून मिळावे, आणि त्यासाठी कोणी कोणाच्या दारात उभे राहावे, याचा होता. मॅक्स वेबर याने आर्थिक वर्ग आणि सामाजिक प्रतिष्ठा यांत जो भेद केला आहे, तो येथे एका व्यवहारात दिसतो. खिशात पैसा असणाऱ्यालाही प्रतिष्ठेची किंमत मोजावी लागत होती.

२० मार्च रोजी मिरवणुकीने जाऊन लोकांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार आहेत, अशी आवई उठली आणि जेवत असलेल्या, परतत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ला झाला. अनेकांनी मुसलमानांच्या घरी आश्रय घेतला. दुसऱ्या दिवशी दूध, दही, शेण व गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठराव संमत झाल्याला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती.

सत्तेच्या रूपांच्या भाषेत सांगावयाचे तर, मार्चच्या परिषदेने दुसऱ्या रूपाला पहिल्या रूपात येण्यास भाग पाडले. जे मौनाने चालत होते ते लाठीने चालवावे लागले. जो ठराव पडून राहिला होता तो उघडपणे रद्द करावा लागला. वरवर पाहता ही पीछेहाट आहे. कागदावरचा हक्कसुद्धा गेला! परंतु यामुळे नकार दृश्य झाला, त्याची तारीख ठरली, आणि ज्यांनी तो दिला त्यांची नावे नोंदली गेली. येथून पुढे त्याविरुद्ध लढता येणे शक्य झाले. तळ्यावर जाणे निष्फळ ठरले, असे मानणाऱ्यांनी या फरकाचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

डिसेंबरपर्यंत प्रतिपक्षही संघटित झाला होता. समाजशास्त्रज्ञ ज्याला प्रतिचळवळ म्हणतात ती हीच. महाडच्या व्यापाऱ्यांनी परिषदेस माल न देण्याचे ठरविले, म्हणून धान्यसामग्री आधीच जमा करावी लागली. परिषदेसाठी जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. बसमालक ऐनवेळी नकार देतील म्हणून बाबासाहेब व प्रतिनिधी २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात आले आणि तेथून पायी महाडला गेले. परंतु सर्वांत प्रभावी अडथळा यांपैकी कोणताच नव्हता. काही स्पृश्यांनी, चवदार तळे ही आमची खाजगी मालमत्ता आहे, असा दिवाणी दावा लावला, आणि १४ डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. मार्चमध्ये समोर लाठी होती. डिसेंबरमध्ये समोर कायदा आला. ज्या राज्ययंत्रणेच्या आदेशावर चळवळीने आपला दावा उभारला होता, त्याच यंत्रणेच्या एका शाखेने तिला अडविले.

राज्यसंस्था ही एकजिनसी वस्तू नसते, हा राजकीय संधीच्या सिद्धान्तातील महत्त्वाचा मुद्दा होय. कायदेमंडळ, कलेक्टर, नगरपालिका आणि दिवाणी न्यायालय यांचे हितसंबंध व वर्तन वेगवेगळे असते, आणि चळवळीला या भेदांतूनच वाट काढावी लागते. परिषदेतील लोकांचा उत्साह सत्याग्रह करण्याकडे होता. बाबासाहेबांनी मात्र एकाच वेळी स्पृश्य समाज आणि सरकार या दोघांशी सामना ओढवून घेऊ नये, असा सल्ला दिला. तळ्याला वळसा घालून मिरवणूक निघाली; पाण्याला कोणी हात लावला नाही. हा निर्णय त्यावेळी कित्येकांना रुचला नव्हता. आमच्या मते तो साधनांचा अचूक अंदाज घेऊन केलेला होता. प्रतिनिधी परत जाणार होते ते आपापल्या गावी, आणि गावात त्यांचे जीवन स्पृश्यांच्या शेतावर, दुकानावर व बलुत्यावर अवलंबून होते. १९२८ साली नेमलेल्या व १९३० साली अहवाल दिलेल्या स्टार्ट समितीने, सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे किती परिणामकारक हत्यार आहे, याचे केलेले वर्णन वाचले म्हणजे या अंदाजाची यथार्थता पटते. मारहाणीवर निदान फौजदारी खटला होतो. मजुरी न देणे, दुकानात माल न देणे यांवर कोणता खटला भरणार? १९२८ च्या मार्चमध्येच बाबासाहेबांनी कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. तळ्यावरील हक्काची मुळे वतनाच्या जमिनीत कशी गेलेली आहेत, हे त्यावरून ध्यानी येते.

तथापि डिसेंबरच्या परिषदेत तिसऱ्या रूपाला हात घातला गेला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्याविषयीचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला व पां. ना. राजभोज यांनी त्यास अनुमोदन दिले. तळ्याच्या प्रश्नाशी या ग्रंथाचा काय संबंध, असे काही सुधारकांनीही तेव्हा विचारले. संबंध हाच की, नगरपालिकेचा ठराव बदलता येतो, लाठी चालविणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. परंतु आपण अपात्रच आहोत ही समजूत जोवर मनात आहे, तोवर खुल्या तळ्यावरही पाऊल पडत नाही. १९२४ ते १९२७ या तीन वर्षांचे अर्धे स्पष्टीकरण भीतीत आहे, आणि उरलेले अर्धे कदाचित या समजुतीत. बाबासाहेबांनी या परिषदेत फ्रान्समधील १७८९ च्या राष्ट्रसभेशी तुलना केली, आणि आपण केवळ पाणी पिण्यासाठी नव्हे तर समतेची स्थापना करण्यासाठी जमलो आहोत, अशा आशयाचे प्रतिपादन केले. मागणीचा अर्थच अशा रीतीने विस्तारला. याच प्रसंगी त्यांनी स्त्रियांना उद्देशून वेगळे भाषण केले व जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडून देण्यास सांगितले. स्त्रियांनी ते तत्काळ आचरणात आणले. महाडविषयीच्या लिखाणात हा प्रसंग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. वास्तविक जातीची खूण शरीरावर वागविण्याचे ओझे स्त्रीवर अधिक होते, आणि ते उतरविण्यास न्यायालयाचा कोणताही मनाई हुकूम आड येत नव्हता. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, ते योग्यच झाले.

दिवाणी दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने अंतिम निकाल दिला. हा निकाल साजरा करताना त्याचा आधार काय होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सर्व माणसे समान आहेत म्हणून तळे खुले, असे न्यायालय म्हणाले नाही. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, हा त्या निकालाचा पाया होता. रूढी पुरेशी जुनी असल्याचे सिद्ध झाले असते तर? तत्कालीन कायद्यात तिला मान्यता मिळण्यास जागा होती. अन्याय जितका प्राचीन तितका तो अधिक कायदेशीर, असा हा न्याय! २६ जानेवारी १९५० पासून तो बदलला. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नामनिर्देश आहे, आणि बोले ठरावातील शब्दांशी त्याचे साम्य जाणवल्याशिवाय राहत नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. कायद्याच्या क्षेत्रात रूढीचा आधार त्यामुळे संपला.

सत्तेचे दुसरे रूप मात्र संविधानाच्या कलमाने आपोआप संपत नाही, कारण ते कलमाला विरोधच करीत नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. पंचायतीत कोण बसते हे बदलले. परंतु सभेपुढे कोणते विषय यावेत आणि संमत झालेल्या ठरावांपैकी कोणते आधी अमलात यावेत, हे कोण ठरवितो, हा प्रश्न वेगळा आहे व त्याचा अभ्यास सर्वेक्षणाच्या नेहमीच्या प्रश्नावलीने होत नाही. आमच्या अभ्यासवर्गातील विद्यार्थ्यांना आम्ही यासाठी एक सोपी रीत सुचवितो. आपल्या गावच्या पंचायतीचे इतिवृत्त घ्यावे. वस्तीकडे नळ, रस्ता किंवा स्मशानभूमीची जागा देण्याचा ठराव कोणत्या तारखेला झाला ते पाहावे. नंतर वस्तीतील वृद्धांना विचारून, ते काम प्रत्यक्षात कधी झाले त्याची तारीख शेजारी लिहावी. दोन तारखांमधील अंतर गावाच्या दुसऱ्या भागातील अशाच कामांच्या अंतराशी ताडून पाहावे, आणि त्या मधल्या काळात ठराव कोणाच्या टेबलावर होता, याची चौकशी करावी.